टेंडरात न लिहिलेला खर्च : नगरपालिकेच्या कामगारांचे सुरक्षा-प्रशिक्षण

नंदुरबारचे नाव निघाले की व्यापारी माणसाला प्रथम मिरची आठवते. हंगामात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते, बाजार समितीबाहेर वाहनांच्या रांगा लागतात आणि गुंटूरनंतर देशातील ज्या मिरची बाजारांची नावे घेतली जातात त्यांत नंदुरबारचे नाव असते. आजचा आमचा विषय मिरचीचा नाही, पण तो बाजाराबाहेरचाही नाही. ज्या रस्त्यावर हा बाजार भरतो तो पहाटे कुणीतरी झाडलेला असतो. दुकानासमोरची गटार कुणीतरी उपसलेली असते, विरचक धरणाचे पाणी कुणीतरी व्हॉल्व्ह फिरवून मोहल्ल्यात सोडलेले असते, आणि दुकानाच्या मागे असलेली शौचालयाची टाकी भरली की कुणाला तरी बोलावले जाते. या 'कुणीतरी'ला आपले काम जीव सांभाळून कसे करावे हे कुणी शिकवते काय, आणि शिकवत असेल तर त्या शिकवण्याचा खर्च कोण देते, हा आमचा प्रश्न आहे.

प्रश्न कामगारांचा आहे तसाच तो कंत्राटदारांचाही आहे. आमच्या वाचकांपैकी अनेक जण नगरपालिकेची लहान-मोठी कामे घेतात. कुणी नालेसफाईचे, कुणी घंटागाडीचे, कुणी मजूर पुरवण्याचे. काहींचे स्वतःचे सक्शन टँकर आहेत. त्यांनी हा मजकूर हिशेबाच्या वहीजवळ बसून वाचावा, अशी आमची विनंती आहे.

हजेरीपत्रकावरचे प्रशिक्षण

खानदेशातील एका गावी असा एक प्रशिक्षण वर्ग आम्ही पाहिला. गावाचे नाव सांगण्याची गरज नाही, कारण अशी गावे पुष्कळ आहेत. सभागृहात बॅनर लागलेला होता. बाहेरगावाहून आलेल्या वक्त्यांनी पडद्यावर चित्रे दाखवत तासभर भाषण केले. हातमोजे वापरा, गमबूट वापरा, मास्क लावा, व्यसन करू नका. भाषण वाईट नव्हते. नंतर चहा झाला, फोटो झाला, हजेरीपत्रकावर सह्या-अंगठे झाले. समोर बसलेले बहुतेक लोक पालिकेचे कायम कर्मचारी होते, आणि त्यांतले बरेच मुकादम किंवा निवृत्तीला आलेले. प्रत्यक्ष गटारीत उतरणारी पोरे कुठे आहेत, असे आम्ही विचारले. उत्तर मिळाले, "ते ठेकेदाराचे आहेत, आपले नाहीत."

या एका वाक्यात सगळे दुखणे आहे. पूर्वी नगरपालिकेचा सफाई कामगार म्हणजे पालिकेचा नोकर होता. त्याची फाईल होती, भविष्य निर्वाह निधी होता, लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे त्याच्या वारसालाही नोकरीचा हक्क होता. आज त्याच कामाचा मोठा भाग कंत्राटावर होतो. फाईल कायम माणसाकडे राहिली आणि धोका कंत्राटी माणसाकडे गेला. प्रशिक्षण मात्र फाईलच्या मागे गेले. ठेकेदाराला विचारावे तर तो म्हणतो की माणसे आज आहेत, उद्या नाहीत, कुणाला शिकवू? त्याचे म्हणणे खोटे नाही. रोजंदारीचा मजूर आज गटारीवर असतो, उद्या बांधकामावर, आणि हंगामात ऊसतोडीला गुजरातेत. पण जो माणूस रोज बदलतो त्यालाच रोज सकाळी दहा मिनिटे शिकवण्याची गरज सर्वांत जास्त असते.

पाच माणसे का मरतात?

कामातील धोके अनेक आहेत, त्यांचा उल्लेख पुढे येईलच. पण सर्वांत घातक धोका टाकीचा आणि गटाराच्या भुयाराचा आहे. म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे.

११ मे २०२३ रोजी परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा येथे शौचालयाची टाकी साफ करताना पाच मजूर मृत्युमुखी पडले. ते एकमेकांचे नातेवाईक होते. पुढच्या वर्षी, ९ एप्रिल २०२४ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, अहमदनगर जिल्ह्यातील (आजचा अहिल्यानगर जिल्हा) नेवासा तालुक्यात वाकडी येथे एक मांजर जुन्या विहिरीत पडले. त्या विहिरीत शेणाचा रबडा साठवलेला होता. मांजराला काढण्यासाठी एक उतरला, त्याला काढण्यासाठी दुसरा, आणि असे करता करता पाच जणांचा जीव गेला. सहावा वाचला. त्याने उतरण्यापूर्वी कंबरेला दोरी बांधली होती आणि वरच्यांनी त्याला ओढून काढले.

वाकडीची घटना नगरपालिकेची नाही आणि सोनपेठचीही नाही. पण वायूला पालिका आणि शेत यांतला फरक कळत नाही. दोन्हीकडे घडले ते एकच. पहिला माणूस वायूने पडला. त्याच्यामागून गेलेले माणुसकीने आणि रक्ताच्या नात्याने पडले. आपला भाऊ खाली तडफडत असताना वर उभे राहणे हे माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे. म्हणूनच ते शिकवावे लागते, आणि एकदा सांगून भागत नाही. सैन्यात कवायत करून घेतात तशी त्याची कवायत करून घ्यावी लागते. आमच्या मते नगरपालिकेच्या प्रशिक्षणात एकच धडा शिकवायला वेळ असेल तर तो हाच असावा : खाली माणूस पडला तर वरच्याने उतरायचे नाही. दोरी ओढायची आणि मदतीला ओरडायचे. दोरी नसेल तर पहिल्यानेच उतरायचे नाही.

हा वायू काय आहे, हेही साध्या शब्दांत सांगता येते. मैला कुजतो तेव्हा हायड्रोजन सल्फाइड, मिथेन आणि कार्बन डायॉक्साइड तयार होतात. हायड्रोजन सल्फाइडला सडलेल्या अंड्याचा वास येतो, तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो. त्याची दगाबाजी अशी की प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच तो मारून टाकतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभर भाग झाले की थोड्याच वेळात वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटते की वायू निघून गेला. पाचशेच्या पुढे गेला तर माणूस काही श्वासांतच कोसळू शकतो. मिथेन पेट घेतो. हवेत तो पाच ते पंधरा टक्के असला की एक ठिणगी पुरे.

आपल्याकडे जुन्या विहिरीत किंवा टाकीत कंदील सोडून पाहण्याची रीत आहे. कंदील विझला तर हवा खराब, जळत राहिला तर उतरायला हरकत नाही. प्रशिक्षणात ही रीत नाव घेऊन मोडून काढली पाहिजे, कारण अनुभवी मुकादमांचा तिच्यावर फार विश्वास असतो. कंदील जळत राहील एवढ्या हवेतही हायड्रोजन सल्फाइड माणसाला मारू शकतो, आणि टाकीत मिथेन असेल तर कंदीलच स्फोटाचे कारण होईल. तोंडावरचा रुमाल आणि करोनाच्या काळातला कापडी किंवा कागदी मास्क यांचाही इथे काडीचा उपयोग नाही. ज्या हवेत प्राणवायूच नाही ती कशातूनही गाळून घेतली तरी प्राणवायू येणार कुठून?

उपाय म्हणजे मीटर. हातात मावेल असे, चार वायू दाखवणारे मीटर मिळते. हवेत प्राणवायू सुमारे २०.९ टक्के असतो, तो १९.५ च्या खाली गेला की उतरायचे नाही. मीटर दोरीला बांधून आधी वरच्या भागात, मग मध्ये, मग तळाशी सोडायचे, कारण वायू थराथराने बसलेले असतात. आणि उतरणाऱ्याने ते अंगावर ठेवायचे, कारण गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू सुटतो. उतरताना चांगली असलेली हवा पाच मिनिटांनी तशी राहीलच असे नाही.

नंदुरबार जिल्ह्याला मीटर वाचायला शिकवणे अवघड जाऊ नये. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत देशभर प्राणवायूसाठी धावाधाव चालू असताना, तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी आधीच उभारून घेतलेल्या ऑक्सिजन प्रकल्पांमुळे या जिल्ह्याचे नाव सगळीकडे झाले. त्या दिवसांत बोटाला लावायचे यंत्र खेड्यापाड्यांतल्या आशा सेविकाही वाचत होत्या. आकडा खाली गेला की हलायचे, एवढेच तर त्यात होते. टाकीच्या तोंडाशीही तेवढेच आहे.

कायदा काय म्हणतो

१९९३ साली पहिला कायदा झाला आणि त्याने मैला वाहण्याची प्रथा बंद केली. कागदावर केली असे म्हणू. ६ डिसेंबर २०१३ पासून त्याहून कडक कायदा लागू आहे. त्यानुसार कुणीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी कोणत्याही माणसाला गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष कामाला लावू शकत नाही. 'अप्रत्यक्ष' या शब्दाकडे कंत्राटदारांनी लक्ष द्यावे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास पाच वर्षे आणि पाच लाखांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. "तो स्वतःच उतरला, मी सांगितले नव्हते," ही सबब आम्ही अनेकदा ऐकली आहे. मजुराला तेथे कोणी आणले आणि मजुरी कोण देणार होते, हे पोलीस विचारतातच.

त्याच कायद्याच्या नियमांत, अगदी नाइलाज म्हणून माणूस उतरवावाच लागला तर काय करायचे तेही लिहिले आहे. पालिकेच्या मुख्याधिकाऱ्याची कारणांसह लेखी परवानगी हवी. जागेवर किमान तीन माणसे हवीत, त्यांतला एक देखरेख करणारा. साधनांची यादी चाळीसच्या वर जाते. उतरणाऱ्याचा किमान दहा लाखांचा विमा हवा आणि त्याचा हप्ता काम देणाऱ्याने भरायचा. आमच्या कंत्राटदार मित्रांना आम्ही सहज विचारतो : आपल्या शेवटच्या वर्क ऑर्डरमध्ये यातले किती लिहिलेले होते?

पैशाची बाजू पाहू. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी अशा मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती तीस लाख झाली. कायमचे अपंगत्व आल्यास किमान वीस लाख. मुंबईत गोवंडी येथे डिसेंबर २०१९ मध्ये एका गृहनिर्माण संस्थेच्या टाकीत तीन मजूर मेले. त्यांच्या विधवा न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये प्रत्येकीला दहा लाख देण्याचा आदेश शासनाला दिला आणि ती रक्कम जबाबदार असणाऱ्यांकडून वसूल करण्याची मुभा ठेवली. टाकी नगरपालिकेची नव्हती, खासगी होती, तरी शासनाला हात झटकता आले नाहीत आणि काम देणाऱ्यालाही नाही. आपल्या मशिदीची, मदरशाची, शाळेची, मंगल कार्यालयाची किंवा लॉजची टाकी उपसून घेणाऱ्या विश्वस्तांनी आणि मालकांनी हे प्रकरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. ओळखीच्या मजुराला पाचशे रुपये देऊन 'जरा उतर' म्हणणे आता कुणालाही परवडणारे नाही.

केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे त्याआधीच्या सुमारे पाच वर्षांत देशात गटारे आणि टाक्या साफ करताना ३३९ माणसे मेली. हे नोंद झालेले मृत्यू.

सर्वांत कमी दराचे कोडे

मग कंत्राटदार साधने का घेत नाही? तो सगळाच निर्दय असतो असे नाही. टेंडर सर्वांत कमी दर भरणाऱ्याला मिळते. ज्याने मीटर, हार्नेस, विमा आणि प्रशिक्षणाच्या दिवसांची मजुरी दरात धरली त्याचा दर वर गेला, आणि ज्याने काहीच धरले नाही त्याला काम मिळाले. म्हणजे प्रामाणिक माणसाला बाजाराबाहेर काढण्याची व्यवस्था पालिकेनेच केली. पुढे अपघात झाला की तीच पालिका ठेकेदाराला काळ्या यादीत टाकते. यात कुणाचेच भले झाले नाही.

यावर उपाय अवघड नाही. अंदाजपत्रकात सुरक्षा आणि प्रशिक्षण ही स्वतंत्र बाब धरावी. तिची रक्कम पालिकेने आधीच ठरवून टाकावी आणि कुणालाही ती कमी करून दर भरता येऊ नये. सगळ्यांना ती सारखी. स्पर्धा काय ती बाकीच्या कामात होऊ द्यावी. ही रक्कम मात्र बिलात आपोआप मिळू नये. मीटरची पावती, विम्याचा कागद, आणि कोणत्या तारखेला कोणत्या गाडीवर कोणत्या माणसांची कवायत घेतली याची नोंद जोडल्यावरच मिळावी. प्रशिक्षणाचा दिवस हा भरपगारी दिवस असला पाहिजे, नाहीतर रोजंदारीचा माणूस येणारच नाही, आणि न येण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. घरी चूल पेटायची असते.

नवी कामगार संहिता यात काही करील काय, असे काही वाचक विचारतात. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीसंबंधीची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण तिच्यातील कंत्राटी कामगारांविषयीचा भाग पन्नास किंवा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या ठिकाणी लागू होतो. लहान गावातला ठेकेदार पंधरा-वीस माणसांवर काम करतो. म्हणून संहितेची वाट पाहण्यापेक्षा टेंडरातली एक ओळ जास्त उपयोगी पडेल, असे आम्हाला वाटते.

सातपुड्याच्या पायथ्याशी

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. नंदुरबार, शहादा, तळोदा आणि नवापूर या चार नगरपरिषदा आणि धडगावची नगरपंचायत. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार शहराची लोकसंख्या एक लाख अकरा हजारांच्या घरात होती, बाकीची गावे त्याहून लहान. एवढ्या लहान पालिकांना प्रत्येकी महागडी यंत्रे घेणे जड जाते, म्हणून जिल्ह्याने मिळून एकच संच घ्यावा, असे कुणी सुचवले तर ते ऐकायला बरे वाटते. प्रशिक्षणापुरते ते ठीकही आहे. एकच प्रशिक्षक पाचही ठिकाणी फिरू शकतो. पण सुटकेच्या साधनांना हा हिशेब लागू होत नाही. प्राणवायू तुटला की मेंदू चार-सहा मिनिटांत निकामी होऊ लागतो. शहादा आणि तळोदा तापीच्या पलीकडे आहेत. नंदुरबारहून तिपाई आणि पंप निघून पूल ओलांडेपर्यंत सगळे संपलेले असेल. तिपाई, कप्पी, पूर्ण शरीराचा पट्टा, हवा फुंकणारा पंखा आणि मीटर ही साधने ज्या गाडीवर माणूस काम करतो त्याच गाडीवर असली पाहिजेत. कंबरेच्या दोरीने वाकडीचा एक माणूस वाचला हे खरे, तरी बेशुद्ध माणूस कंबरेच्या दोरीला दुमडून लोंबतो आणि टाकीच्या तोंडातून वर घेता येत नाही. म्हणून खांदे-मांड्यांना बसणारा पट्टा हवा.

भाषेचाही प्रश्न आहे. पुस्तकी मराठीतले 'श्वसनसंरक्षक उपकरण' हे शब्द ऐकून शहरातला पदवीधरही थबकेल. धडगावकडून आलेल्या मजुराची पावरी, नवापूरकडची मावची, मैदानातली भिली आणि अहिराणी, शहरातल्या मोहल्ल्यात हिंदी-उर्दू. ज्याची जी बोली त्यात हे सांगितले पाहिजे, आणि सांगण्यापेक्षा करून दाखवले पाहिजे. सभागृहात नव्हे, टाकीच्या तोंडाशी. रिकाम्या, कोरड्या टाकीत माणसाच्या वजनाचे पोते टाकावे आणि दोघांनी ते तिपाईने वर काढून दाखवावे. किती मिनिटे लागली ते घड्याळ लावून पाहावे. पहिल्या खेपेला जो गोंधळ उडेल तोच खरा धडा.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरून येणाऱ्या वक्त्याला सहसा सुचत नाही. या जिल्ह्यातील आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. या आजारात प्राणवायू कमी पडला, शरीरातले पाणी आटले किंवा अति श्रम झाले की रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच वर असतो, आणि नेमकी तेव्हाच पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई चालते. म्हणजे ऊन, घाम, गमबूट आणि कोंदट हवा हे सर्व एकाच वेळी. कामावर घेताना सिकलसेलची साधी रक्ततपासणी करून घ्यावी. पण ती त्या माणसाची रोजी हिरावण्यासाठी नव्हे. आजार निघाला तर त्याला टाकीपासून दूर, सावलीतल्या कामावर ठेवायचे, आणि पाणी सगळ्यांसाठीच गाडीवर ठेवायचे. तपासणीचा कागद मजुराकडे राहावा, ठेकेदाराच्या खणात नव्हे.

बाकीच्या कामांबद्दल थोडक्यात. पाणीपुरवठ्यात जेथे क्लोरीनचे सिलिंडर वापरतात तेथे गळती झाली तर वाऱ्याच्या उलट दिशेने आणि उंचावर जायचे, कारण क्लोरीनही जड आहे. अमोनियात भिजवलेला बोळा जवळ नेला की गळतीच्या जागी पांढरा धूर दिसतो. दिव्याच्या खांबावर चढणाऱ्या वायरमनने वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री स्वतः टेस्टरने करावी, फोनवरच्या 'हो, बंद आहे'वर नव्हे. घंटागाडीवरच्या माणसाला कचऱ्यात सुया टोचतात. कावीळ-बीच्या लसीचे तीन डोस आणि धनुर्वाताचे इंजेक्शन यांचा खर्च एका दिवसाच्या मजुरीपेक्षा फार मोठा नसतो. दवाखानेवाल्यांनी सुया साध्या कचऱ्यात टाकणे बंद करावे, हे वेगळे सांगायला नको, पण सांगावे लागते.

टँकरवाल्यांसाठी

माणूस खाली उतरण्याची वेळच येऊ नये हे सर्वांत चांगले, आणि यात धंदाही आहे. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या लहान नगरपालिकांनी २०१८-१९ च्या सुमारास प्रत्येक घराची टाकी ठरलेल्या क्रमाने, तीन वर्षांतून एकदा, यंत्राने उपसण्याची पद्धत सुरू केली. टाकी तुंबून घरात घाण आल्यावर टँकर बोलवायचा, या नेहमीच्या रीतीपेक्षा ही वेगळी. तीन वर्षांत गाळ पातळ असतो, पंपाने निघतो. दहा-पंधरा वर्षे न उपसलेल्या टाकीत तो दगडासारखा बसतो, आणि मग घरमालक म्हणतो, कुणाला तरी फावडे घेऊन उतरवा. टँकरवाल्याच्या दृष्टीने पाहिले तर वर्षभर ठरलेले काम आणि ठरलेले बिल, हे रात्री-अपरात्री येणाऱ्या फोनपेक्षा केव्हाही बरे.

यंत्र घेण्यासाठी मदतही आहे. २०२३-२४ पासून चालू असलेल्या केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत गटार व टाकी साफ करणाऱ्यांची नोंद, सुरक्षा साहित्य, आयुष्मान कार्ड आणि प्रशिक्षण यांबरोबर सफाई कामगाराला किंवा त्याच्या कुटुंबीयाला सफाईचे यंत्र घेण्यासाठी पाच लाखांपर्यंत भांडवली अनुदानाची तरतूद आहे. ज्या मजुराला आपण दहा वर्षे टाकीत उतरवले त्याच्याच नावावर टँकर आणि आपल्याकडे कामाची यादी, अशी भागीदारी का होऊ नये? नोंद मात्र पालिकेतून होते, आणि खासगी टाक्यांवर काम करणाऱ्यांची नावे तिथे सहसा कुणी देत नाही. टँकरवाल्यांनी आपल्या माणसांची नावे स्वतः नेऊन द्यावीत. १४४२० हा टाकी-गटार सफाईसाठीचा मदत क्रमांक टँकरच्या दारावर रंगवून घ्यावा, हेही जाता जाता.

पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईची टेंडरे उन्हाळ्यात निघतात. दर भरण्यापूर्वी शंका विचारण्यासाठी जी बैठक असते, तिला आपल्याकडचे लहान कंत्राटदार बहुधा जात नाहीत. या वर्षी जावे, आणि तेथे दोनच गोष्टी लेखी विचाराव्यात : सुरक्षा आणि प्रशिक्षणाची रक्कम अंदाजपत्रकाच्या कोणत्या बाबीत धरली आहे, आणि माणूस उतरवायची वेळ आली तर लेखी परवानगीवर सही कोण करणार? उत्तर इतिवृत्तात नोंदले गेले आहे ना, हे पाहूनच बैठकीतून उठावे.